गाडीतला गॅस: पहिल्यांदा कॅराव्हॅन घेऊन निघणाऱ्यांसाठी

घरच्या स्वयंपाकघरात गॅस गळला तर त्याला बाहेर पडायला दाराखालची फट असते, मोरी असते. कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे आत राहता-शिजवता येईल अशा गाडीत, ही सोय नसते. टेम्पो ट्रॅव्हलरला आतून प्लाय ठोकला, मॅट अंथरली, दारांना रबर बसवलं, की गाडीचं बूड म्हणजे एक मोठी परात होते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. तो वर जाऊन निघून जात नाही, त्या परातीत पाण्यासारखा साठतो.

हिशेब करून पाहा. साडेतीन मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडीचा तळ सुमारे ६ चौरस मीटर भरतो. त्यावरचा फक्त वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीचा थर धरला तर हवा होते ९०० लिटर. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. ९०० लिटरचे २ टक्के म्हणजे १८ लिटर गॅस. त्याचं वजन? जेमतेम ४० ग्रॅम. मोठा बर्नर ताशी सुमारे १५० ग्रॅम गॅस सोडतो. चहा उतू जाऊन ज्योत विझली आणि बटण मोठ्यावरच राहिलं, तर पाव तासात तेवढा गॅस तळाशी जमतो. शेगडीच्या आसपासचा कोपरा तर त्याच्याही आधी धोक्याचा होतो. ५ किलोच्या टाकीत असे १२५ ‘चाळीस ग्रॅम’ असतात, १४.२ किलोच्या टाकीत साडेतीनशेच्या वर. पुढची प्रत्येक सूचना या हिशेबातून आली आहे: गॅस कमी न्या, तो राहत्या जागेच्या बाहेर ठेवा, आणि खाली साठला तर निघून जायला त्याला खालूनच वाट द्या.

१. आपल्या गाडीत कुठला गॅस आहे ते ओळखा

परदेशातल्या कॅराव्हॅनचे व्हिडिओ पाहून सामान मागवू नका. तिकडे बहुधा शुद्धाच्या जवळ जाणारा प्रोपेन वापरतात. तो उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून बर्फातही चालतो. आपल्याकडचा एलपीजी प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतो आणि त्यात ब्यूटेनचा वाटा मोठा असतो. ब्यूटेन शून्याच्या आसपास उकळतो. वागणूक वेगळी, दाब वेगळा. बाहेरून आणलेल्या शेगडीच्या पाटीवर किती दाब लिहिला आहे ते वाचल्याशिवाय ती जोडू नका. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो.

दुसरा गोंधळ सीएनजीचा. गाडी सीएनजीवर चालत असेल तर तुमच्याकडे दोन वेगळे गॅस आहेत. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. स्वयंपाकाचा गॅस जड, तो तळाशी बसतो. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या कामाचा नाही आणि जागेचाही नाही.

२. टाकी किती किलोची घ्यायची

५ किलोची. रोज दोन तास मोठा बर्नर चालला तरी ती दोन आठवडे पुरते. भंडारदरा, सप्तशृंगी गड, त्र्यंबक अशा चार दिवसांच्या फेरीला १४.२ किलोची टाकी नेण्याचं काही कारण नाही. शिवाय घरगुती जोडणीची टाकी नोंदवलेल्या घराच्या स्वयंपाकासाठी असते. भाड्याने दिल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये ती वापरणं नियमबाह्य आहे. तेल कंपन्यांची, घरगुती जोडणीशिवाय मिळणारी ५ किलोची टाकी ओळखपत्र दाखवून एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवरही मिळते. रेग्युलेटर तिथूनच, त्या टाकीला बसणारा घ्या.

टाकी घेताना तीन गोष्टी तपासा.

- वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून लिहिलेली चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ‘बी-२७’ लिहिलेली टाकी जून २०२७ नंतर घ्यायची नाही.
- वजन. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर रंगवलेलं असतं. त्यात ५ किलो मिळवा आणि काट्यावर पाहा.
- व्हॉल्व्हमधलं रबरी वॉशर, म्हणजे ओ-रिंग. कॅप काढून बोटाने चाचपा. तडकलेलं, चपटं झालेलं किंवा नसलेलंच असेल तर टाकी परत करा.

बाजारात डोक्यावर थेट बर्नर बसवलेली बिननावाची छोटी टाकी मिळते. दुकानदार ती मोठ्या टाकीतून नळी लावून भरून देतात. ती अजिबात घेऊ नका. नीट भरलेल्या टाकीत सुमारे १५ टक्के जागा रिकामी ठेवलेली असते, कारण उन्हात आतला द्रव फुगतो. दुकानात अंदाजाने भरलेल्या टाकीत ती जागा उरली आहे की नाही हे कोणी मोजत नाही. मालेगावकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, बंद गाडीत तर त्याहून बराच जास्त. फुगायला जागाच नसेल तर टाकीचं पोलादच फाटतं. आणि बाहेर पडलेला प्रत्येक लिटर द्रव सुमारे २५० लिटर वायू होतो.

३. टाकीसाठी वेगळा कप्पा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बहुतेक कारागीर टाकी ओट्याखाली ठेवतात, घरात असते तशी. गाडीत ती जागा सगळ्यात वाईट. फॅब्रिकेटरकडे काम देतानाच पुढच्या गोष्टी लिहून द्या. नाशिकच्या अंबड-सातपूर भागात असं काम करणारे पुष्कळ आहेत, पण गॅसचा कप्पा कसा हवा हे त्यांना तुम्हालाच सांगावं लागेल.

कप्प्याचं दार गाडीच्या बाहेरच्या बाजूने उघडावं. राहत्या भागाकडच्या भिंती पत्र्याच्या असाव्यात आणि त्यांचा प्रत्येक सांधा सीलंटने बंद केलेला असावा. नळी जिथून आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारं रबरी कडं, बसवून तेही बुजवा. कप्प्याच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक ठेवा, किमान १० बाय १० सेंटिमीटरचं, वर जाळी लावून. ते भोक सायलेन्सरजवळ नको, डिझेल टाकीच्या तोंडाजवळ नको आणि बॅटरीच्या बाजूला तर मुळीच नको. बॅटरी, इन्व्हर्टर, रिले, पंप या ठिणगी उडवणाऱ्या वस्तू कप्प्यात येता कामा नयेत. आत बल्बसुद्धा नको.

टाकी उभीच राहिली पाहिजे. आडवी पडली की व्हॉल्व्हपाशी वायूच्या ऐवजी द्रव येतो, रेग्युलेटरमधून द्रव पुढे जातो आणि शेगडीवर फूटभर उंच ज्वाळा उठते. म्हणून खाली कडं आणि वर-मध्ये असे दोन पट्टे लावा. लवचिक दोरी चालणार नाही. घाटात करकचून ब्रेक लागला की ती ताणली जाते.

तळाचं भोक दर प्रवासाआधी उघडं आहे का ते पाहायची सवय लावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्याने गेलात तर जाळी चिखलाने गच्च होते. गाडी दोन महिने उभी राहिली तर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, आणि शेगडीच्या नोझलमध्येही. पाऊस आत येतो म्हणून लोक भोकाला प्लास्टिक चिकटवतात. ते कधीही करू नका. २०२७ च्या सिंहस्थासाठी गाड्या तयार करणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावं, कारण पर्वणीचे दिवस ऐन पावसाळ्यातले असतात.

४. नळी आणि जोड

आयएस ९५७३ छापलेली, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरपर्यंत. पाच वर्षांनी ती बदलायची, वरून चांगली दिसली तरी. गाडीत तिला घरापेक्षा जास्त हादरे आणि ऊन लागतं, म्हणून आमच्या मते तीनच वर्षं धरावीत.

अंतर जास्त असेल तर मध्ये तांब्याची नळी आणि दोन्ही टोकांना रबरी तुकडा. तांब्याची नळी दर अर्ध्या मीटरवर रबर घातलेल्या क्लिपने बांधा. सैल नळी पत्र्यावर घासते आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये तिला बारीक छिद्र पडू शकतं. नळीत जोड देऊ नका. टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून दुसरी शेगडी किंवा गीझर काढू नका.

गळती तपासायची पद्धत सोपी आहे. एका ग्लास पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, आणि एक जुना रंगाचा ब्रश. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर चालू. मग क्रमाने फेस लावा: व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचा सांधा, रेग्युलेटरचं टोक, नळीच्या दोन्ही क्लिपा, तांब्याच्या नळीचे जोड, शेगडीचं टोक, प्रत्येक बटणाचं बूड. प्रत्येक जागी निदान अर्धा मिनिट थांबा. बारीक गळतीचे बुडबुडे सावकाश येतात. नंतर साध्या पाण्याने पुसा. काडी ओढून तपासणारे अजूनही भेटतात. त्यांना गाडीला हात लावू देऊ नका.

शेगडी ज्योत विझली की आपोआप गॅस बंद करणारीच हवी. वर ज्या पाव तासाचा हिशेब मांडला, तो धोका याच एका भागाने जवळजवळ संपतो. शेगडीत खर्च वाचवू नका.

५. सेन्सर आणि अग्निशामक

एलपीजीचा सेन्सर तळापासून १५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर लावा, शेगडी आणि पलंग यांच्या मध्ये. छताला लावलेला एलपीजी सेन्सर वाजेपर्यंत फार उशीर झालेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर वेगळा घ्या आणि तो झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर लावा. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे गाडीत मारू नका, त्याने गॅसचा सेन्सर निकामी होतो. सेन्सरवर लिहिलेली मुदत संपली की बदला.

नाकावर विसंबू नका. गॅसला वास यावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन घालतात. पण सर्दी झालेल्याला तो येत नाही, झोपलेल्याला तो जागं करत नाही, आणि उदबत्ती लावली असेल तर लक्षातच येत नाही.

अग्निशामक २ किलोचा एबीसी पावडरचा, दाराजवळ. शेगडीजवळ नको. आग शेगडीला लागेल तेव्हा तुमचा हात तिथवर पोचणार नाही. काटा हिरव्यात आहे का ते महिन्यातून एकदा पाहा आणि नळकांडं उलटं करून हलवा, हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते.

६. गाडी सुरू करण्याआधी

नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. रेग्युलेटर काढा आणि टाकीवर दोरीने बांधलेली कॅप बसवा. या दोन कृतींना एक मिनिट लागतं. कसारा घाटात किंवा समृद्धीच्या इगतपुरीकडच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात रेग्युलेटर लावलेली टाकी घेऊन जाऊ नका. टक्कर झाली, नळी तुटली, तर गॅस सुटायला काहीच अडसर राहत नाही. पेट्रोल पंपावर आणि सीएनजी भरताना हाच नियम. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर पंपाच्या आवारात शिरण्याआधी त्याची ज्योत बंद हवी. आमचा सल्ला, फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्या, म्हणजे प्रश्नच राहत नाही.

७. मुक्कामावर

जमेल तेवढा स्वयंपाक बाहेर करा. गंगापूर धरणाच्या काठी वारं असतं. शेगडीला आडोसा करा, पण टाकीला आणि शेगडीला एकत्र झाकेल असा नको. पत्र्याच्या आडोशाने उष्णता उलटून टाकीवर येते. छत्रीच्या कापडाखाली तळण नको. शेजारच्या गाडीशी आणि तंबूशी तीन मीटर तरी अंतर ठेवा. उतारावर गाडी लावली असेल तर गळलेला गॅस खालच्या गाडीकडे वाहतो.

आत शिजवायचंच असेल तर छताची झडप आणि एक खिडकी उघडी, पाऊस असो की थंडी. ज्योत निळी असावी. पिवळी झाली, भांडी काळी पडायला लागली, तर हवा कमी पडते आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस झोप लागली असं समजून पडून राहतो.

थंडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. हिवाळ्यात निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, इगतपुरीच्या पठारावरही पहाट कडक असते. अशा वेळी ब्यूटेनची वाफ नीट होत नाही आणि अर्धी टाकी शिल्लक असतानाही ज्योत मिणमिणते. मग लोक टाकी हलवतात, तिरकी करतात, तिच्यावर उकळतं पाणी ओततात, तिला शेगडीजवळ सरकवतात. यातली एकही गोष्ट करू नका. लहान बर्नर वापरा, दहा मिनिटं थांबा, टाकी कोरडी ठेवा. ऊन आलं की दाब आपोआप वाढतो. आणि उबेसाठी गॅसची शेगडी किंवा कोळशाची शेगडी आत घेऊन दारं लावून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. गोधड्या जास्त घ्या. गॅस गीझर तर गाडीच्या आत बसवायचाच नाही.

झोपण्याआधी रेग्युलेटर काढून कॅप लावा.

८. वास आला किंवा सेन्सर वाजला तर

१. पेटती ज्योत असेल तर विझवा. एकही विजेचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. एक्झॉस्ट पंखा, इंजिन, सेंट्रल लॉक, मोबाइल, टॉर्च, कशालाही हात नको.
२. सगळ्यांना बाहेर काढा. झोपलेल्या मुलांना उचलून, चपला शोधत न बसता.
३. बाहेर पडताना सरकतं दार आणि मागचं दार दोन्ही सताड उघडा.
४. टाकीचा कप्पा बाहेरून उघडता येत असेल तर रेग्युलेटर बंद करून काढा, कॅप बसवा.
५. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला, चढाकडे, पन्नास-साठ मीटर जा. शेजारच्या गाड्यांना ओरडून सांगा. चुली आणि विड्या विझवायला लावा.
६. तिथून १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा. धोका वाढला तर ११२ किंवा १०१.

रेग्युलेटर काढल्यावरही टाकी फुसफुसत असेल तर व्हॉल्व्हची पिन अडकली आहे. कॅप घट्ट बसवा, टाकी उभ्या स्थितीत मोकळ्या मैदानात, खड्ड्यापासून आणि गटारापासून लांब ठेवा आणि मदत येईपर्यंत लोकांना दूर ठेवा. खिळा किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पिन सरकवू नका. द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते. कोमट पाणी सोडत राहा, चोळू नका, दवाखाना गाठा.

गाडी किमान अर्धा तास उघडी ठेवा. मॅटखाली आणि पलंगाखालच्या खणांत गॅस अडकून राहतो, ते सगळं उघडा. कारण सापडेपर्यंत टाकी परत जोडू नका.

९. आग लागली तर

गॅसची ज्वाळा आधी विझवायची नसते, आधी गॅस बंद करायचा असतो. गॅस सुटतच राहिला आणि नुसती ज्वाळा विझली, तर न जळालेला गॅस साठून पुढचा भडका स्फोटाचा होतो. नळी पेटली असेल आणि रेग्युलेटरपर्यंत हात पोचत असेल, तर ओलं जाड फडकं हातावर घेऊन तो बंद करा. मग उरलेली आग अग्निशामकाने विझवा: पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाकडे धरा, दट्ट्या दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. २ किलोचा अग्निशामक आठ-दहा सेकंदांत संपतो, म्हणून लांबून उगाच मारू नका. पाठ कायम दाराकडे.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको. झाकण ठेवा, गॅस बंद करा.

ज्वाळा टाकीच्या अंगाला लागल्या असतील तर गाडी सोडून द्या. टाकीचा वरचा, द्रव नसलेला भाग तापून मऊ पडतो आणि आतला वाढलेला दाब ती फाडतो. हे काही मिनिटांत होऊ शकतं आणि नेमकं कधी ते कळत नाही. शंभर मीटरपेक्षा जास्त लांब जा, आडोशाला जा, आणि अग्निशमन दलाला फोनवर सांगा की गाडीत गॅसची टाकी आहे, किती किलोची आहे आणि कुठल्या बाजूला आहे. सीएनजीची टाकीही असेल तर तेही सांगा.

१०. जवळ ठेवायचे कागद

- टाकीची पावती किंवा जोडणीचं व्हाउचर
- नळी, रेग्युलेटर आणि सेन्सरची बिलं. नळीची तारीख बिलावरूनच कळते
- अग्निशामकाचा रिफिलिंगचा टॅग
- आरसीवर बदलाची नोंद. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी लागते.
- विमा कंपनीला गॅसच्या मांडणीबद्दल लेखी कळवल्याची प्रत. हे बहुतेक जण टाळतात आणि दावा अडकतो तो इथेच.
- सीएनजी गाडी असल्यास तिच्या टाकीच्या चाचणीचं प्रमाणपत्र. ती चाचणी दर तीन वर्षांनी

भाड्याने गाडी घेत असाल तर ताबा घेताना टाकीची मुदत, नळीची तारीख आणि तळाचं भोक या तिन्हींचे फोटो मालकासमोरच काढा. काही कमी असेल तर ती गाडी घेऊ नका.

११. परतल्यावर

टाकी गाडीतून काढा. गाडी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी राहत असेल तर त्याच दिवशी काढा, कारण तळघर ही आणखी मोठी परात आहे. टाकीचं वजन करून वहीत लिहा. चार दिवसांत जेवढा स्वयंपाक झाला त्यापेक्षा फार जास्त गॅस गेला असेल तर कुठेतरी गळती आहे. नळी सोडवून हवेशीर जागी टांगा. गाडीतच राहिली तर पुढच्या वेळी जोडण्याआधी तिला बोटभर अंतराने वाकवून पाहा, विशेषतः पत्र्याला चिकटलेली बाजू. उभ्या गाडीत उंदीर आधी तिथेच पोचतात. दाताची खूण दिसली तर चिकटपट्टी गुंडाळू नका, त्यांनी कुरतडलेलं टोक कापून उरलेली नळीही वापरू नका. पूर्ण नळी बदला आणि साबणाच्या पाण्याने सगळे जोड पुन्हा तपासा.